हवेतलं रंगीत तूस

आमच्या घरात सारूमध्ये, म्हणजे इकडच्या चिंचेच्या पातळ आमटीत, हिरवा धागा सापडला तर स्वयंपाक करणारीला कोणी बोल लावत नाही. काल कोणाची हिरवी साडी हातात होती एवढंच विचारतात, धागा ताटाच्या कडेला लावतात आणि पुढचा घास घेतात. माझ्या यजमानांनी तर एकदा भातातून निघालेला जांभळा धागा खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "रंग छान आहे हं. दसऱ्याला असली साडी घे." मी म्हटलं, "आधी घेऊन तर द्या." त्यांनी धागा खाली ठेवला आणि निमूट ताक प्यायलं.

मी गोंडे बांधते. साडीच्या पदराला खाली झुलतात ना, ते. इकडे त्यांना कुच्चू म्हणतात, आणि म्हैसूरमधली बाई कुच्चू न लावलेली साडी नेसून लग्नाला जायची नाही. साडी दुकानातून आली की पदराचे सुटे धागे मोकळे करायचे, त्यांत त्याच रंगाच्या रिळाच्या धाग्यांची जुडी ओवायची, गाठ मारायची, वरून जर गुंडाळायची. मग जुन्या टूथब्रशने गोंडा विंचरायचा आणि टोकं कात्रीने सारखी करायची. विंचरताना आणि कापताना जे उडतं, ते तूस. ते चहात पडतं, देवाच्या समईत पडतं, माझ्या पापण्यांवर बसतं. आम्ही त्याला कधी कचरा म्हटलंच नाही. घरात काम आहे, असाच त्याचा अर्थ होता.

घर लष्कर मोहल्ल्यातलं. एका बाजूला पत्र्याच्या ट्रंका ठोकतात, दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनं दुरुस्त होतात, मधे आम्ही. आमचे कोणी एक खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या पलटणीत घोड्यावर होते म्हणे. घोडा गेला, तलवार गेली, मराठी तेवढी राहिली, तीही अर्धी. बोलताना माझ्या एका वाक्यात तीन कन्नड शब्द येतात. इथे नीट बसून लिहितेय म्हणून जरा सरळ येतंय, एवढंच.

हे काम मला शिकवलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि आवाज असा की ट्रंका ठोकणारा हातोडी थांबवून विचारतो, "मला म्हणालात का अम्मा?" पंचवीस वर्षं त्या कुच्चू बांधताहेत. बारा वर्षांपूर्वी माझी मुलगी शाळेत रुळली, मी मोकळी झाले आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. पहिल्या दिवशी माझा गोंडा बघून त्या म्हणाल्या, "हे काय गं, मांजराचं शेपूट?" मी उठून आत गेले. त्या हाक मारायला आल्या नाहीत. मीच पाच मिनिटांनी परत येऊन बसले, तेव्हापासून उठलेले नाही.

आम्ही दोघी भांडतो. म्हणजे रोजच. रंगावरून, गाठीवरून, सारूत चिंच किती यावरून. भांडण नसलं की यजमान दारातून डोकावून विचारतात, "बरं नाहीये का कोणाला?"

मागच्या वर्षी खरंच बरं नव्हतं. अक्कांना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. कोरडा, लांब, संपता न संपणारा. खोकता खोकता त्या एक हात वर करायच्या, म्हणजे 'थांब, तुझ्या बोलण्याला उत्तर देते, आत्ता देते.' आणि उत्तर यायचंच नाही. मला ते बघवायचं नाही. अक्कांनी उलट उत्तर दिलं नाही असं माझ्या संसारात कधी झालं नव्हतं.

मग ज्याला जे सुचेल ते. समोरच्या म्हणाल्या, रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत. यजमान म्हणाले, कापूर जास्त जाळता. अक्का स्वतः म्हणाल्या, "हिच्या फोडण्या." म्हणजे माझ्या! मी महिनाभर खिडकी उघडून, दार लावून, कमी मिरच्यांची फोडणी घातली. सारू पाणचट झालं आणि खोकला तसाच राहिला.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस. छाती तपासली, फुंकर मारायला लावली, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का विचारलं. मग विचारलं, "काम काय करता?"

अक्का म्हणाल्या, "काही नाही. सुम्ने, नुसती घरीच असते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. घरीच."

आणि आम्ही खोटं बोलत नव्हतो, हीच तर कमाल आहे. पंचवीस वर्षं रोज पाच-सहा तास वाकून बसलेली बाई, आणि 'काम काय' म्हटल्यावर 'काही नाही'. डबा घेऊन उंबरठ्याबाहेर जावं लागत नाही ते काम कसलं, असं दोघींच्याही डोक्यात पक्कं बसलेलं. त्या दिवशी माझ्या पदराला तीन रंगांचं तूस चिकटलेलं होतं. डॉक्टरांना ते दिसलं नाही, आणि मलाही नाही. तोंडाने ओढायचं औषध घेऊन आम्ही घरी आलो. थोडा फरक पडला, मग पुन्हा होतं तसं झालं.

आमच्या माडीवर एक मुलगी भाड्याने राहते. मुलगी म्हणजे तिशीतली, साताऱ्याकडची, चामराजपुरमच्या बाजूला एका कॉलेजात विज्ञान शिकवते. तिची मराठी ऐकली की आमची मराठी आम्हालाच धुवायला टाकावीशी वाटते. सुरुवातीला अक्का तिच्याशी बोलायच्याच नाहीत. म्हणायच्या, "ती पुस्तकासारखी बोलते, मला घाम येतो." पण मुलगी गोड. मला काकू म्हणते, त्यांना मोठ्या काकू. एका रविवारी सकाळी ती भावाच्या लग्नासाठी घेतलेली साडी घेऊन कुच्चू लावायला द्यायला आली.

त्या वेळी आमच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं. अक्का एका गर्द गुलाबी साडीचे गोंडे विंचरत होत्या. उन्हाच्या त्या पट्ट्यात तूस तरंगत होतं. मोठं मोठं खाली बसत होतं, बारीक नुसतं फिरत होतं. मुलगी दारातच थांबली. बघत राहिली. अक्का खोकल्या, हात वर केला, पुन्हा खोकल्या.

"काकू," ती मला म्हणाली, "हे रोज असंच असतं?"

"नाही, आज गुलाबी आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. विचारलं, "धागा कशाचा आहे?"

"रेशीम," अक्का म्हणाल्या. "दुसरं काय?"

मुलीने एक रीळ उचललं. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत सिल्क असं छापलेलं. तिने वीतभर धागा काढला, काडेपेटी मागितली आणि ओसरीवर जाऊन तो जाळला. धागा पेटला म्हणावं तर तसं नाही. आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मग ती अक्कांना म्हणाली, तुमच्याकडे खऱ्या रेशमाचं काही आहे का? अक्का रागाने आत गेल्या आणि स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या पदरातला एक धागा ओढून घेऊन आल्या. तो हळूहळू जळला, केस जळल्यासारखा वास आला, आणि राख बोटाने चुरली तर पूड झाली.

अक्कांनी तो काळा मणी नखाने दाबून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे हे काय आहे?"

"पॉलिस्टर. प्लॅस्टिकच, मोठ्या काकू. धाग्याच्या रूपातलं."

"पंचवीस वर्षं मी रेशीम म्हणून बांधतेय!"

मी बोलायला नको होतं. पण बोलले. "दुकानदाराने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. मी सांगितलेलं कधी ऐकलंत का?" अक्का माझ्यावर जे कडाडल्या, ते पुढच्या खोकल्यापर्यंत.

मग ओसरीच्या पायरीवर बसून मुलीने आम्हाला समजावून सांगितलं. तूस हवेत उडतं. त्यातलं मोठं नाकात अडकतं आणि शिंकेबरोबर बाहेर येतं. पण त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक तुकडेही होतात, ते खोल छातीत जाऊ शकतात. प्लॅस्टिक तिथे कुजत नाही, विरघळत नाही. अंगात गेलेल्या या कणांचं पुढे नक्की काय होतं, किती गेलं तर किती वाईट, यावर अजून अभ्यास चालू आहे, आणि आपल्याला सगळं माहीत आहे असं जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असंही ती म्हणाली. पण असल्या धाग्यांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं तूस ओढलेल्या लोकांना छातीचे आजार झालेले आहेत. ते ऐकून मला वाटलं, कारखान्यातल्या लोकांना निदान आपण कारखान्यात आहोत हे तरी माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना न सांगता एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "हे आधी का नाही सांगितलं?" मी काय सांगणार? म्हटलं, "तुम्ही काम विचारलं होतं." डॉक्टर म्हणाले, खोकला त्यामुळेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ही छाती आणि ते तूस एका खोलीत नको. आधी काम बंद करा, मग बघू.

घरी येऊन मी फर्मान काढलं. माझा स्वभाव तसाच आहे, सुरुवात फर्मानानेच होते. "उद्यापासून कुच्चू बंद. सगळी रिळं दुकानात परत."

अक्का गाठ मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू बंद कर. मी नाही."

"तुम्हाला श्वास घेता येत नाहीये!"

"येतोय तेवढा पुरे आहे. साठी झाली माझी. आणखी किती श्वास लागणार?"

मी काहीतरी लागट बोलणारच होते, तेवढ्यात त्यांनी सुई खाली ठेवली आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. अक्का हळू बोलल्या की ऐकावंच लागतं. "तुझे भावजी गेले तेव्हा तू नवी होतीस. तुला आठवत नसेल. मी खोलीत आले की सगळे बोलायचे थांबायचे. मला कोणी काही करू द्यायचं नाही. बस, बस, म्हणायचे. वर्षभर नुसती बसले होते गं. मग कुच्चू शिकले. तेव्हापासून दार वाजतं आणि लोक मला विचारत येतात. हे बंद केलं तर मी परत नुसती बसणार."

मला आठवत होतं. बोलायचे थांबणाऱ्यांत मीही होते. मला त्यांचा श्वास हवा होता आणि त्यांना त्यांचं काम, आणि दोन्ही त्या एका खोलीत राहीनात. मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली, आणि थोडी रडले.

तोडगा माडीवरच्या मुलीने काढला. म्हणजे तेव्हा तो तोडगा वाटला नव्हता. ती म्हणाली, आपण वाद घालण्यापेक्षा मोजूया. काचेच्या उथळ बशा खोलीत उघड्या ठेवू, हवेतून जे खाली पडेल ते त्यात जमेल, मग कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघू. अक्का लगेच तयार झाल्या. मला आश्चर्य वाटलं. त्या वेळी मला वाटलं, यांच्या मनात विज्ञानाचा दिवा लागला. कसला दिवा! अक्कांच्या डोक्यात एवढंच गेलं होतं की आपल्या घरातली बशी कॉलेजात दाखवणार.

मुलगी गुरुवारी सकाळी पहिली बशी ठेवून गेली, संध्याकाळी घ्यायला येणार होती. ती गेल्याबरोबर अक्कांनी पदर खोचला. काम बंद, साड्या कपाटात. झाडणी घेऊन कोपरान् कोपरा कोरडा झाडला. पडदे झटकले. उशा एकमेकींवर आपटल्या. मग ट्रंकेतून सोफ्याची मखमली अभ्रे काढले, निळे, पाहुण्यांसाठी ठेवलेले, अजून घडी न मोडलेले. दाराला दसऱ्याचं प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण लावलं. स्वतः नवी क्रेपची साडी नेसल्या आणि बशीजवळ खुर्ची घेऊन बसल्या. बशीत माशी पडू नये म्हणून.

"अक्का, पाहुणे येणार आहेत का?"

"गप्प बस. लोक बघणार आहेत."

संध्याकाळी मुलगी आली, तोरण बघितलं, अभ्रे बघितले, क्रेप नेसलेल्या अक्कांना बघितलं, आणि उंबरठ्यावरच खाली बसून हसायला लागली. "मोठ्या काकू, परीक्षा घराची नाही, हवेची आहे!" अक्कांना राग आला. तरी मुलीने ती बशी झाकण लावून नीट ठेवली. म्हणाली, हीपण बघू. आणि सोमवारी आम्हाला रोजच्यासारखं काम करायला लावून दोन नव्या बशा मांडल्या, एक अक्कांच्या स्टुलावर, एक माझ्या.

आम्ही समोरासमोर बसायचो, मधे बाकावर साडी. अक्कांच्या मागच्या भिंतीवर पंखा होता. त्याचा वारा त्यांच्या डोक्यावरून, कामावरून, सरळ माझ्या तोंडावर यायचा. ही जागा त्यांनीच मला दिलेली. मला भारी उकडतं, गेली काही वर्षं तर विचारू नका. त्यांना वारा मिळायचा नाही, मानेला घाम यायचा, पण कधी मी म्हटलं की आज तुम्ही इकडे बसा, तर म्हणायच्या, "बस गं, तुला लागतं." कोणाला ती जागा द्यायच्या नाहीत, पाहुण्यांनाही नाही.

बशा गेल्या. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस होतं, मुलीने आम्हाला बोलावलं. अक्कांनी तो लग्नातला शालू नेसला. मी म्हटलं, अहो प्रयोगशाळा आहे, मुंज नाही. म्हणाल्या, "हे खरं रेशीम आहे, जाळून बघितलंय." रिक्षात बसून आम्ही गेलो.

सूक्ष्मदर्शकात कसं बघायचं हे कळायला अक्कांना वेळ लागला. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अय्यो!" मी म्हटलं, काय झालं, मला बघू द्या. त्यांनी मला कोपराने ढकललं.

"हा पोपटी बघ. सोसले गावच्या बाईंची साडी. मी म्हटलं नव्हतं, हिचा पोपटी जरा पिवळ्याकडे जातो? आणि हा लाल, हा नाही का त्या बँकेतल्या बाईंच्या सुनेचा. हा मोरपंखी..." पंचवीस वर्षं रिळं निवडलेले ते डोळे. मुलगी वहीत लिहायला लागली. तिने दोनदा विचारलं, "नक्की?" अक्का म्हणाल्या, "तू पुस्तकात बघ, मी इथे बघते." मग कोण किती अचूक याचीच गंमत सुरू झाली. मुलीने एक धागा तापलेली सुई टेकवून दाखवला, तो लगेच आक्रसला. प्लॅस्टिक. साफसफाईच्या दिवशीची बशी निघाली तर ती निळ्या मखमलीने भरलेली. "हे माझे अभ्रे!" अक्का ओरडल्या, आणि तिघी हसलो. शेजारच्या खोलीतले एक सर बघायला आले. अक्कांनी त्यांना समजावून सांगितलं की पाहुणे येणार असले की घरात जास्त प्लॅस्टिक उडतं. सर मान डोलवत गेले. अक्का इतक्या खुशीत होत्या की मला वाटलं, आता यांना काम सोडायला सांगणं विसरा.

मग मुलीने शेवटच्या दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या. अक्का एकीत बघून दुसरीत बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. परत पहिलीत बघितलं.

"ही भरलेली माझी ना?" त्यांनी विचारलं.

मुलीने खालची चिठ्ठी वाचली. "नाही. ही काकूंची."

"उलटं लिहिलं असशील."

"नाही, मोठ्या काकू. पंख्यामुळे झालंय. तुमच्याकडून येणारं सगळं वाऱ्याने त्यांच्याकडे जातं."

अक्कांनी ती चिठ्ठी हातात घेऊन बघितली. मी पटकन म्हटलं, "मला काही होत नाही, मी ठणठणीत आहे." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मुलीने चहा विचारला, तर नको म्हणाल्या.

रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. अर्ध्या रस्त्यात त्यांनी माझा हात धरला. आमच्यात हात धरायची पद्धत नाही. जोरात धरला, दुखेल इतका, आणि म्हणाल्या, "बारा वर्षं मी तुला तिथे बसवलं गं. वारा लागेल म्हणून." त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर शालूही न बदलता त्यांनी रिळांचे डबे काढले. मला वाटलं, आता सगळं टाकून देतात. पण अक्का त्या अक्काच. काडेपेटी घेऊन ओसरीवर बसल्या आणि एकेका रिळाचा धागा जाळून बघायला लागल्या. ज्याचा मणी झाला ते एका बाजूला, ज्याची राख झाली ते दुसऱ्या. राखेच्या बाजूला फार थोडी रिळं पडली. यजमान कामावरून आले आणि जळका वास घेत विचारते झाले, "काय पेटलंय?" अक्का म्हणाल्या, "दुकान बदललं." यजमान काही न कळून आत गेले.

त्यानंतर आम्ही फक्त खऱ्या रेशमाचे आणि सुताचे कुच्चू बांधतो. गिऱ्हाइकं कमी झाली. रंग थोडे मिळतात, त्यावरून दुकानदार कुरकुरतो. बसतो ओसरीवर, उघड्यात, शेजारी शेजारी, वारा दोघींच्या पाठीमागून. विंचरायच्या आधी गोंड्यावर पाण्याचा हात फिरवतो, म्हणजे तूस उडत नाही. खाली ओलं फडकं. विंचरताना तोंडाला मास्क, रेशमाचं झालं तरी तूस ते तूसच, असं डॉक्टरांनी बजावलंय. अक्कांना मास्कमधून बोलायला जमत नाही, म्हणून त्या तो हनुवटीवर ओढून मला शिव्या देतात आणि परत वर करतात. बायका आल्या की जाळून दाखवतात. आता तो त्यांचा कार्यक्रमच झालाय. लोक येऊन त्यांना विचारतात, हे रेशीम आहे का बघा हो अम्मा. पूर्वीपेक्षा जास्तच दार वाजतं.

खोकला एकदम गेला नाही. औषध चालू आहे. पण दोन खोकल्यांच्या मधलं अंतर वाढत गेलं, आणि हात वर करणं हळूहळू बंद झालं. किती कशामुळे बरं वाटलं ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी विचारतही नाही.

मागच्या महिन्यात मी फोडणी घालताना खोकले. मिरची नाकात गेली होती, दुसरं काही नाही. एकदा खोकले, फार तर दोनदा. अक्का ओसरीवरून आत आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

"कशाला?"

"डॉक्टरांकडे."

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"मीपण तेच म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि माझी चप्पल पायाने माझ्याकडे सरकवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आधीच अक्कांनी सगळं सांगितलं: काय काम, किती वर्षं, कुठला धागा, पंखा कुठे होता. पंख्याचं सांगताना त्यांचा आवाज बसला. डॉक्टरांनी मला स्टुलावर पाठ करून बसवलं, नळी पाठीला लावली आणि म्हणाले, मोठा श्वास घ्या. मी घेतला. त्याच वेळी माझ्या मागे अक्कांनी घेतला. मूल जेवत नसलं की आई स्वतःचं तोंड उघडते, तसा. मला स्पष्ट ऐकू आला, लांब, अगदी खोलवरचा. सोडा म्हणाले, दोघींनी सोडला. मी कान देऊन बसले; मागून खोकला आला नाही. डॉक्टर म्हणाले छाती स्वच्छ आहे, आणि मी म्हटलं, "हो, ऐकलं मी."

डॉक्टरांना वाटलं मी माझ्याबद्दल बोलतेय.